काटा शून्यावर

नडीन क्लेपिंगरनं नवऱ्याला शनिवारी दुपारी दोनपर्यंतची मुदत दिली होती. दोनला बर्ल स्टाउटमायर पिकअप घेऊन येणार होता, आणि तळघरातला अ‍ॅम्प्लिफायर तोवर विकला गेला नाही, तर तो उचलून नेणार होता. बर्लच्या घरी गेलेलं यंत्र पुन्हा कुणी पाहिलेलं नाही. तो व्हॉल्व्ह एकाला विकतो, मीटर दुसऱ्याला, ट्रान्सफॉर्मर तांब्याच्या भावानं तिसऱ्याला, आणि उरलेल्या पेटीत कोंबड्यांना दाणे घालतो. हे तो लपवत नाही. रेडिओवरून एकमेकांशी बोलणाऱ्या आमच्या हौशी लोकांच्या क्लबात तोंडावर खरं बोलणारा तो एकटाच, त्यामुळे त्याला जेवायला सहसा कुणी बोलावत नाही.

वर्लिन क्लेपिंगर या अ‍ॅम्प्लिफायरवर अकरा वर्षं खपला होता. रेडिओवर बोलणाऱ्याचा आवाज लांबवर पोचवणारं एकोणीसशे बासष्ट सालचं यंत्र, वजन दीडशे पौंड, आत वाइनच्या बाटलीएवढे दोन काचेचे व्हॉल्व्ह. ते तापले की तळघराच्या भिंतीवर नारिंगी उजेड पडतो आणि वर्लिनच्या चेहऱ्यावर रविवारच्या चर्चमध्येही दिसत नाहीत असे भाव येतात. त्याला ते एका मेलेल्या सभासदाच्या गोठ्यात मिळालं, तेव्हा त्यात उंदरांच्या तीन पिढ्या नांदून गेल्या होत्या. वर्लिननं यंत्राचा पत्र्याचा सांगाडा नडीनच्या डिशवॉशरमध्ये धुतला. नडीननं नवा डिशवॉशर घेतला. बटणं त्यानं कवळी साफ करायच्या गोळ्यांत भिजवली. समोरच्या पत्र्याचा करडा-हिरवा रंग मूळच्यासारखा जुळवायला त्याला दोन वर्षं लागली, आणि त्या काळात त्याच्या मुलीचं लग्न होऊन मोडलं. त्याला दोन्ही गोष्टी साधारण एकाच वेळी कळल्या.

आता दोघं फ्लोरिडाला चालले होते, म्हाताऱ्यांच्या एका वसाहतीत. त्या वसाहतीची नियमावली चाळीस पानांची आहे. एकतिसाव्या पानावर लिहिलंय की दोरीवर कपडे वाळत घालू नयेत, अंगणात प्लॅस्टिकचे पक्षी लावू नयेत आणि अँटेना उभारू नये. पक्ष्यांबद्दल नडीनला थोडं वाईट वाटलं.

त्यामुळे विकणं भाग होतं. पण वर्लिनला गिऱ्हाईक नको होतं, त्याला जावई हवा होता. क्लबच्या पत्रिकेत त्यानं दिलेली जाहिरात अडीच पानांची होती. मी क्लबचा सेक्रेटरी, त्यामुळे ती मीच टाइप केली. शेवटची ओळ अशी होती: ‘माझ्याकडे काय आहे हे मला ठाऊक आहे; घासाघीस करणाऱ्यांनी तसदी घेऊ नये.’ तसदी तिघांनी घेतली. पहिल्याला तो दिवाणखान्यात दिवा म्हणून हवा होता. दुसऱ्यानं विचारलं, हा फोनला जोडता येतो का. तिसरा सगळं नीट बोलला, पण जाता जाता म्हणाला की बायकोला विचारून सांगतो. वर्लिन म्हणाला, “जो हे बायकोला विचारतो त्याला मी हे देणार नाही.” नडीन तिथंच उभी होती. बर्लला फोन तिनं त्याच संध्याकाळी केला.

शनिवारी मी गेलो ते उचलायला मदत म्हणून. अकराच्या सुमारास टोलिडोहून एक बाई आली. जोलीन वॉयचिक, चाळिशीची, वीज कंपनीत खांबावर चढून तारा जोडणारी. हात माझ्या मांडीएवढे. मला एकदम कळलं की उचलायच्या कामात माझी गरज नाही, पण नडीननं भोपळ्याचा ब्रेड कापला होता, म्हणून थांबलो.

“मिस्टर क्लेपिंगर?”

“वर्लिन म्हण. रस्ता सापडला ना?”

“सापडला. तुमचा अँटेना चार मैलांवरून दिसतो.”

हे ऐकून वर्लिनचं मन तिथंच निम्मं वितळलं. उरलेलं तळघरात वितळलं. अ‍ॅम्प्लिफायरचं झाकण उघडलं होतं, ती आत वाकून बघायला लागली, आणि बघताना तिनं डावा हात मागच्या खिशात घातला. या पेटीत तीन हजार व्होल्ट असतात. एक हात खिशात असला की वीज एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हातात जात नाही. ही सवय ज्यांना असते ते म्हातारे होतात. वर्लिननं माझ्याकडे पाहिलं. मुलीनं वाकून नमस्कार केल्यावर सासरची माणसं एकमेकांकडे बघतात तसं.

“काम सुंदर केलंय,” ती म्हणाली. “चालतो का?”

“चालतो का म्हणजे? अगं, हा नुसता चालत नाही.”

“मग चालवून बघू.”

“बघ कशाला, ऐकच,” वर्लिन म्हणाला. “साडेअकराला आमचं गोलमेज असतं. तेच सांगतील तुला.”

गोलमेजाबद्दल सांगायला हवं. आम्ही चार जण तीस वर्षं दर शनिवारी ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी रेडिओवर भेटतो: वर्लिन, मी, केंटकीतला ऑर्लो पिकरेल, आणि इंडियानातले निवृत्त पाद्री हॅस्केल. आम्ही तब्येतीबद्दल बोलतो. नंतर हवेबद्दल बोलतो. मग पुन्हा तब्येतीबद्दल, कारण हवेचा तब्येतीवर परिणाम होतो.

आणि एकमेकांना रिपोर्ट देतो. समोरचा कसा ऐकू येतो हे आकड्यांत सांगायची आमच्यात पद्धत आहे. पाच म्हणजे शब्दन् शब्द कळतो. नऊ म्हणजे आवाज दणदणीत. त्याखालचेही आकडे आहेत, पण ते लायसन्सच्या परीक्षेपुरते. प्रत्यक्षात सगळ्यांना पाच-नऊच द्यायचं असतं. मी स्वतः लोकांना असं सांगताना ऐकलंय, “पाच-नऊ, फारच सुरेख येतोयस, तुझं नाव काय म्हणालास, गाव कुठलं, आणि मधलं सगळं परत सांग.” एखाद्याला पाच-सहा दिलं तर तो दुसऱ्या दिवशी छपरावर चढून अँटेना तपासतो. त्या वयात छपरावरून पडलेल्या माणसाचं पाप कोण घेणार?

वर्लिनला तर नऊच्या वर मिळायचं. नऊ अधिक वीस, नऊ अधिक तीस. केंटकीत इतका मोठा आवाज दुसऱ्या कुणाचा येत नाही, असं ऑर्लो त्याला एकोणीसशे त्र्याण्णवपासून सांगत होता. बुधवारी वर्लिननं त्या दोघांना आधीच फोन करून ठेवला होता की शनिवारी गिऱ्हाईक येतंय. खोटं बोला असं त्यानं अजिबात सांगितलं नाही. ते आमच्यात कधी सांगावं लागत नाही.

तळघरातलं निम्मं सामान खोक्यांत भरलेलं होतं. रेडिओ वर्लिननं सकाळीच घाईघाईनं पुन्हा जोडला होता. त्यानं अ‍ॅम्प्लिफायर सुरू केला, पंखा घुमला, व्हॉल्व्ह तापले, भिंत नारिंगी झाली. जोलीन हात बांधून मागं उभी राहिली. ठीक साडेअकराला वर्लिननं माइक हातात घेतला आणि आवाज अर्धा सूर खाली नेला. माइक हातात आला की त्याचा आवाज खाली जातो. बायकोशी बोलताना वर जातो.

“गोलमेज, गोलमेज. वर्लिन बोलतोय. ऑर्लो, आधी मी अ‍ॅम्प्लिफायरशिवाय बोलतोय. कसा येतोय?”

“पाच-नऊ, वर्लिन. नेहमीसारखा.”

वर्लिननं पुढचं मोठं बटण फिरवलं. बटणाचा टक्क असा दमदार आवाज झाला. त्या टक्कवर त्यानं एक अख्खा मार्च महिना घालवला होता. “आता अ‍ॅम्प्लिफायरवर आहे. काही फरक?”

थोडी खरखर झाली. मग ऑर्लो म्हणाला, “अरे बाबा. मला आवाज कमी करावा लागला. नऊ अधिक तीस. कुत्रा उठून बसलाय इथं.”

“पाद्रीबुवा?”

“माझा काटा पार उजवीकडे जाऊन टेकलाय, वर्लिन,” पाद्री हॅस्केल म्हणाले. “देवाचीच कृपा. असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.”

वर्लिन खुर्चीत वळला. “बघ,” तो जोलीनला म्हणाला. एवढंच म्हणाला, पण त्या एका शब्दात अकरा वर्षं होती.

जोलीन मात्र अ‍ॅम्प्लिफायरच्या समोरच्या मीटरकडे बघत होती. “अजून एकदा बोला ना,” ती म्हणाली. “काहीही बोला.”

वर्लिन बोलला. हवेबद्दल बोलला.

“काटा शून्यावर आहे,” जोलीन म्हणाली.

वर्लिननं आणि मीही बघितलं. काटा खरंच शून्यावर होता. सुरुवातीपासून तिथंच असणार. अ‍ॅम्प्लिफायर काम करत असला की माणूस बोलेल तसा तो काटा नाचतो. ते बघायलाच तर तो बसवलेला असतो. पण स्पीकरमधून कौतुक येत असताना काट्याकडे कोण बघतं?

“मागं ही जागा कसली आहे?” जोलीननं वाकून विचारलं. “रिकामी आहे.”

वर्लिन उठला, मागं गेला, आणि बराच वेळ मागंच राहिला. ती जागा एका बारीक वायरची होती. बोलायचं बटण दाबलं की रेडिओ त्या वायरमधून अ‍ॅम्प्लिफायरला सांगतो, ऊठ, कामाला लाग. वायर नसेल तर अ‍ॅम्प्लिफायर तापतो, दिवे लावतो, पंखा फिरवतो आणि आलेला आवाज जसाच्या तसा पुढं सोडतो. काउंटीच्या कचेरीत असे पुष्कळ लोक मी पाहिलेत, पण त्यांना कुणी अकरा वर्षं पॉलिश केलेलं नसतं.

“म्हणजे मघाशी,” नडीन जिन्यातून म्हणाली, “दोन्ही वेळा आवाज सारखाच होता?”

वर्लिन अ‍ॅम्प्लिफायरमागून बाहेर आला.

“मग ऑर्लोचा कुत्रा कशानं उठला?” नडीननं विचारलं.

“नडीन, ती वायर कुठं आहे?”

“कुठली? तुझ्या सगळ्या वायरी मी एका खोक्यात घातल्या. वर ‘वर्लिनचं काहीबाही’ असं लिहिलंय.”

अशी खोकी चौदा निघाली. वायर नवव्या खोक्यात सापडली, चहाच्या गाळण्याला गुंडाळलेली. तोवर सव्वाबारा वाजले होते. स्पीकरमधून ऑर्लो दोनदा विचारून गेला की वर्लिन, आहेस ना, मघाचा तुझा आवाज अजून माझ्या कानात घुमतोय.

वर्लिननं वायर खोचली. बटण दाबून “हॅलो” म्हणाला, आणि तळघरातला दिवा मंद झाला, काटा उडाला, व्हॉल्व्हच्या आत निळसर झाक आली. वर फोन वाजला. नडीननं घेतला आणि जिन्यातून ओरडून सांगितलं, “पलीकडच्या मिसेस ट्रॉयर म्हणतायत, फुटबॉलचा सामना गेला आणि टीव्हीतून तू हॅलो म्हणालास.”

“झालं,” जोलीन म्हणाली. “मला एवढं पुरे आहे. घेते मी.”

इथं व्यवहार संपायला हवा होता. बाराशे डॉलर ती पाकिटात घेऊन आली होती, पिकअप बाहेर उभा होता, बर्लला यायला दीड तास होता. पण वर्लिन खुर्चीत बसून राहिला. अ‍ॅम्प्लिफायर चालतो हे आता सिद्ध झालं होतं. दुसरं काहीतरी सिद्ध व्हायचं राहिलं होतं.

त्यानं माइक घेतला. काही खुलासा केला नाही. “ऑर्लो. आता कसा येतोय?”

ऑर्लोनं विचार केला. गिऱ्हाईक समोर आहे हे त्याला माहीत होतं, पण आपण मघाशी नऊ अधिक तीस देऊन बसलोय हेही आठवत होतं. आणि आता तर खरोखर कानठळ्या बसत होत्या. माणूस गोंधळला. “आता... जरासा उतरलाय, वर्लिन. मघाशी जास्त होता. पण घाबरू नकोस, पाच-नऊ आहेच.”

“पाद्रीबुवा?”

“तसाच सुरेख,” पाद्री म्हणाले. “आहे तसाच.”

वर्लिननं माइक ठेवला. मग माझ्याकडे वळला. “एल्डन, तुझ्याकडे मी कसा यायचो?”

येणारा आवाज मोजणारा माझ्या रेडिओचा काटा एकोणीसशे अठ्ठ्याण्णवपासून सातावर अडकलाय. त्याला मी कधी हात लावला नाही, कारण त्याची कधी गरज पडली नाही. “चांगला यायचास,” मी म्हणालो.

“किती चांगला?”

“वर्लिन, मी तीन मैलांवर राहतो. तू खिडकीतूनही ऐकू आला असतास.”

नडीन तोंडावर हात ठेवून वर गेली.

“एक करू,” जोलीन म्हणाली. तिचा आवाज तारेला हात लावण्याआधी सहकाऱ्यांशी बोलताना असेल तसा होता. “तुम्हाला ओळखत नाही अशा कुणाला तरी विचारू.”

तिनं रेडिओ लहरींच्या दुसऱ्या पट्ट्यावर नेला. वर्लिननं अ‍ॅम्प्लिफायर त्याला जुळवून घेतला, पण बंद ठेवून आधी नुसती हाक दिली. तीनदा दिली. चौथ्यांदा कॅनडात मॅनिटोबातला एक निवृत्त पोस्टमास्तर सापडला. पोस्टमास्तर लोकांना पत्ते वाचायची सवय असते. न वाचता आलेला पत्ता ते वाचता आला म्हणत नाहीत.

“तुमचा प्रत्येक तिसरा शब्द कळतोय,” तो म्हणाला. “तीन-चार देतो. चार थोडं जास्तच होतंय. ओहायोचे का तुम्ही?”

तीस वर्षांत वर्लिनला कुणी तीन-चार दिलं नव्हतं. तो इतका शांत झाला की पोस्टमास्तरानं विचारलं, गेलात का.

टक्क. काटा उडाला. “आता?”

“आता बरोबर,” पोस्टमास्तर म्हणाला. “आता सगळं कळतंय. पाच-आठ. मघाशी काय होतं? अँटेना पडला होता का?”

“नाही,” वर्लिन म्हणाला. “मघाशी मी होतो.”

मला वाटलं, आता तो विकत नाही. मला वाटलं, आता तो ही पेटी फ्लोरिडाला नेऊन बिछान्याखाली ठेवणार आणि नियमावलीचं एकतिसावं पान फाडून खाणार. नडीनलाही तसंच वाटलं असावं, कारण ती जिन्यात येऊन उभी राहिली आणि घड्याळाकडे बघून म्हणाली, “दीड वाजलाय, वर्लिन.”

जोलीननं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. वर्लिननं त्याला हात लावला नाही.

“थांब,” तो म्हणाला. “डावा व्हॉल्व्ह मूळचा नाही.”

“काय?”

“चिनी आहे. चार वर्षांपूर्वी मूळचा गेला. याच्यावरची अक्षरं मी घासून काढली आणि जुन्या कंपनीचं नाव छापून चिकटवलं. चांगलं छापलंय. अक्षरांचा रंग जुळवायलाच महिना गेला.”

मी हे चार वर्षांत पहिल्यांदा ऐकत होतो. त्या व्हॉल्व्हचा मोठा फोटो मी क्लबच्या पत्रिकेत छापला होता, खाली ‘असे आता होणे नाही’ असं लिहून.

जोलीन वाकली, एक हात खिशात घालून, आणि डाव्या व्हॉल्व्हकडे बराच वेळ बघत राहिली. बाहेर पिकअपच्या चाकांखाली खडी वाजली. बर्ल वेळेच्या आधी येतो. दुसऱ्याचं यंत्र सुटं करायचं असलं की त्याला दम धरवत नाही.

“दुसऱ्याच्या तुलनेत कसा चालतो?” जोलीननं विचारलं.

“दहा टक्के कमी. पंधरा म्हण.”

“पंधरा की दहा?”

वर्लिननं श्वास घेतला. “वीस.”

“बाराशे जास्त होतात मग.”

“हो.”

“हजार.”

“हजार,” वर्लिन म्हणाला. घासाघीस करणाऱ्यांनी तसदी घेऊ नये, हे मी मोठ्या अक्षरांत टाइप केलं होतं. पण इथं घासाघीस झालीच नव्हती. तिनं दोनशे परत खिशात घातले आणि जाड चामड्याचे हातमोजे चढवले.

तिनं खालची बाजू धरली, मी वरची धरल्यासारखं केलं, वर्लिन पुढं पुढं जिन्यातून दारं उघडत गेला आणि प्रत्येक पायरीला “सांभाळून” म्हणाला. व्हॉल्व्ह त्यानं आधीच काढून दोन वेगळ्या टॉवेलांत गुंडाळले होते. टॉवेल नडीनचे होते, चांगले होते. एका टॉवेलावर त्यानं पेननं लिहिलं: ‘चिनी’.

बर्ल अंगणात पिकअपला टेकून उभा होता. जोलीननं पेटी आपल्या गाडीत ठेवली, दोन पट्टे आवळले, वर्लिनशी हात मिळवला आणि गेली. बर्लनं तिच्या गाडीकडे कोपऱ्यावर वळेपर्यंत पाहिलं, बाजारात एखादी जाडजूड कोंबडी दुसऱ्याच्या पिशवीतून जाताना बघतात तसं.

“गेला?” तो म्हणाला.

“गेला.”

“ट्रान्सफॉर्मरमध्ये तीस पौंड तांबं होतं त्याच्या.”

“असेल.”

“ती बाई काय करणार त्याचं?”

“बोलणार,” वर्लिन म्हणाला.

“कुणाशी?”

उघड्या खिडकीतून, खाली तळघरात सुरूच राहिलेल्या रेडिओवर, कुणीतरी मॅनिटोबाशी हवेबद्दल बोलत होतं. वर्लिन थोडा वेळ ते ऐकत उभा राहिला.

“आमच्याशी तरी नाही,” तो म्हणाला, आणि बर्लला आत जेवायला बोलावलं.